मुलांचे पहिले दुःख

आमच्या रास्ता पेठेतल्या बिऱ्हाडी मोती नावाचा कुत्रा होता. तो मेला तेव्हा आम्ही त्याला रात्रीतच मुठेकाठी पुरून आलो आणि चार वर्षांच्या धाकट्याला सांगितले, "मोती गावाला गेला." पोर तीन दिवस वाड्याच्या दिंडीशी बसून राहिले. चौथ्या दिवशी शेजाऱ्यांकडून खरे कळले, तेव्हा त्याने आमच्याशी बोलणेच टाकले. कामगाराला एकदा खोटे आश्वासन दिले, की पुढचे खरेही त्याला पटत नाही, हे युनियनमध्ये शिकलेले आम्ही, घरात मात्र विसरलो!

मारिया नॉज या हंगेरियन विदुषीने १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले, की पाच वर्षांखालील मुलाला मरण म्हणजे प्रवास किंवा झोप वाटते. म्हणजे 'गावाला गेला', 'झोपला' हे आपले शब्द त्याच समजुतीला खतपाणी घालतात. त्यापेक्षा मुलाला जवळ घ्यावे आणि सरळ सांगावे: मोती मेला, त्याला आता दुखत नाही, तो परत येणार नाही. मग हवे तितके रडू द्यावे. लगेच दुसरे पिलू आणण्याची घाई नको. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली, तीत मोरी गाईला अख्खे प्रकरण दिले आहे.

धाकट्याने मोतीचा पट्टा खुंटीला टांगला. आम्ही तो पुढे कितीतरी दिवस काढला नाही.