कर्ज फिटले, आता पुढे?

सोसायटीचे कर्ज फिटले. सावकाराचे देणेही चुकते झाले. डोक्यावरचे ओझे उतरले. फार चांगले झाले! पण मंडळी, खरे जपायचे ते आताच. हातात पैसा खुळखुळू लागला की खर्चाला वाटा फुटतात. मग एखादा पावसाळा दगा देतो आणि पुन्हा सावकाराचे दार दिसते. ते दिसू नये म्हणून काय करावे, हे आम्ही येथे सांगत आहोत.

आधी कागद पुरा करा

पैसे भरले म्हणजे काम संपले, असे नाही. सोसायटीकडून किंवा बँकेकडून बेबाकी दाखला मागून घ्या. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ या रकान्यात कर्जाचा बोजा लिहिलेला असतो. दाखला तलाठ्याकडे देऊन तो बोजा कमी करून घ्या. मग नवा उतारा काढा आणि स्वतः वाचून पाहा. आता आपल्याला वाचता येते. दुसऱ्याच्या तोंडाकडे कशाला पाहायचे?

हप्ता थांबवू नका

समजा, सावकाराचे २०,००० रुपये घेतले होते. व्याज दरमहा शेकडा ३ रुपये. म्हणजे महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,२०० रुपये नुसते व्याज! मुद्दल तसेच उभे. हे ६०० रुपये आजवर परक्याच्या घरी जात होते. त्यांच्यावाचून घर चालवायची सवय झालीच आहे. आता ते आपल्याच नावावर भरा. पोस्टात ५ वर्षांचे आवर्ती ठेवीचे खाते निघते. दरमहा १०० रुपयेही चालतात. ६०० रुपये भरले तर ६० महिन्यांत ३६,००० रुपये जमतात. वर व्याज मिळते ते वेगळेच.

माल विकताच वाटे करा

शेतकऱ्याला दरमहा पैसा मिळत नाही. म्हणून माल विकला की लगेच वाटे करावे.

पहिला वाटा बी-खताचा. पेरणीला पैसा नसतो, तेथूनच कर्ज सुरू होते. हा पैसा जूनपर्यंत मोडू नका.

दुसरा वाटा अडीनडीचा. घरात आजारपण येते, बैल दगावतो. दोन-तीन महिन्यांचा घरखर्च बँकेत असा ठेवा की केव्हाही काढता येईल.

तिसरा वाटा कमाई वाढवणारा. शेळी घ्या, विहिरीचा गाळ काढा, पोरांना शिकवा.

लग्नकार्य तर येणारच. पण खर्चाचा आकडा आधी ठरवा, मंडप मागाहून. अंथरूण पाहून पाय पसरावे.

पैसा कोठे ठेवावा?

‘थोड्या दिवसांत दामदुप्पट देतो’ म्हणणाऱ्याला दारातूनच रामराम करा. बँक बुडाली तरी एका बँकेतल्या आपल्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विम्याचे संरक्षण आहे. ही मर्यादा २०२० सालापासून आहे. पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही, हे ध्यानात ठेवा.

आज रात्री जेवणे झाली की घरातल्या सगळ्यांनी एकत्र बसा. घरधनिणीचे आधी ऐका, कारण घरखर्च तिलाच ठाऊक असतो. मग एक वही घ्या. पहिल्या पानावर तिन्ही वाटे आपल्याच हाताने लिहून काढा.