स्वस्तातली बेस गिटार : घेताना आणि सुधारताना

शाळेचा किंवा कॉलेजचा वाद्यवृंद जमवताना गिटार, की-बोर्ड, ढोलकी, ड्रम हे सारं मिळतं, पण खालचे स्वर धरणारी बेस गिटार बहुधा सर्वांत शेवटी येते. तोवर पैसे संपलेले असतात. मग दहा-वीस हजारांतलं, बहुधा कोणीतरी वापरून सोडलेलं वाद्य घेतलं जातं. महिन्याभरात ते वाजवणाऱ्या मुलाची बोटं दुखू लागतात, स्वर जुळत नाहीत, घरघर येते, आणि ‘स्वस्तातलं आहे, असंच असणार’ म्हणून वाद्य कोपऱ्यात जातं. यातले बहुतेक दोष स्वस्तपणाचे नसतात. वाद्य नीट लावलेलं नसतं, एवढंच. ते का, हे कळण्यासाठी अकरावी-बारावीचं भौतिकशास्त्र पुरेसं आहे.

आधी वाद्याची ओळख करून घेऊ. विजेवर चालणारी बेस गिटार १९३० च्या दशकात अमेरिकेत सिअ‍ॅटल इथल्या पॉल टटमार्कने बनवली होती, पण ती चालली नाही. चाललं ते लिओ फेंडर यांनी १९५१ साली बाजारात आणलेलं ‘प्रिसिजन बेस’. हे गृहस्थ मुळात हिशेबनीस, नंतर रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवणारे. त्यांना गिटार वाजवता येत नसे. त्याआधी खर्जासाठी माणसाच्या उंचीचं, उभं धरायचं डबल बेस वापरत. त्यावर पडदे नसल्यामुळे स्वर बोटाच्या अंदाजाने शोधावा लागे. फेंडर यांनी सतारीसारखे पडदे, म्हणजे फ्रेट बसवले आणि स्वर नेमका मिळू लागला. ‘प्रिसिजन’ हे नाव त्यावरूनच. आजची बहुतेक स्वस्त वाद्यं या किंवा १९६० सालच्या ‘जॅझ बेस’च्या नकला असतात. ही चांगली गोष्ट आहे, कारण सुटे भाग एकमेकांना बऱ्याच अंशी चालतात.

या वाद्याच्या चार तारांच्या वारंवारता साधारण ४१.२, ५५, ७३.४ आणि ९८ हर्ट्झ असतात. तुलनेसाठी सांगायचं तर काळी एकला लावलेल्या पुरुषी तंबोऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झच्या आसपास असतो. म्हणजे बेसच्या चारपैकी दोन तारा आपल्या खर्जाच्याही खाली आहेत. तारेची वारंवारता लांबीच्या व्यस्त प्रमाणात, ताणाच्या वर्गमुळाच्या सम प्रमाणात आणि प्रतिमीटर वस्तुमानाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते, हे आपण सोनोमीटरवर शिकवतोच. साध्या गिटारीची सर्वांत जाड तार ८२.४ हर्ट्झची आणि सुमारे ६५ सेंटिमीटर लांब असते. नुसती लांबी वाढवून वारंवारता निम्मी करायची तर १३० सेंटिमीटरची मान लागेल. हात पोचणार नाही. फेंडर यांनी ३४ इंच, म्हणजे ८६.४ सेंटिमीटर लांबी ठरवली आणि उरलेलं काम वस्तुमानावर सोपवलं. बेसच्या जाड तारेचं मीटरभर वजन गिटारीच्या त्या तारेच्या चार पटींहून जास्त भरतं.

आता तार जड करायची म्हणून पोलादाची जाड सळई ताणली तर? ती ताठ होते, आणि ताठ तारेचे वरचे उपस्वर मूळ वारंवारतेच्या पूर्ण पटीत राहत नाहीत, चढतात. आवाज भांड्यावर ठोकल्यासारखा येतो. म्हणून मधली तार बारीक ठेवून तिच्यावर दुसरी तार गुंडाळतात. वजन वाढतं, लवचीकपणा टिकतो. मात्र या गुंडाळीच्या फटींत घाम आणि मळ साचतो, कंपनातली ऊर्जा खातो आणि आवाज बसका होतो. जुनं वाद्य विकत घेताना त्याच्या आवाजावरून मत बनवू नका. बहुधा तुम्ही तारेतला मळच ऐकत असता. तारा दहा मिनिटं पाण्यात उकळून, पूर्ण कोरड्या करून परत लावल्या तरी आवाज उजळतो. नव्या तारा परवडल्या तर उत्तमच. अर्थात बसक्या आवाजाचेही चाहते आहेत. डेट्रॉइटचा विख्यात बेसवादक जेम्स जेमरसन तुटल्याशिवाय तारा बदलत नसे.

विकत घेताना खरी परीक्षा घ्यायची ती मानेची. एका तारेची तिथल्या तिथे बेरीज करून पाहू. मीटरला ३१ ग्रॅम वजनाची तार ८६.४ सेंटिमीटर लांबीवर ४१.२ हर्ट्झला लावली, तर ताण १५७ न्यूटन, म्हणजे जवळजवळ १६ किलो वजनाइतका येतो. चारही तारांचा मिळून ७० ते ८० किलो. एवढ्या ओढीखाली लाकडाची बारीक मान वर्षानुवर्षं उभी असते! म्हणून तिच्या पोटात एक पोलादी सळई घातलेली असते, तिला ट्रस रॉड म्हणतात. तिचा नट आवळला की मान तारांच्या ओढीविरुद्ध मागे सरते, सैल केला की पुढे झुकते.

तेव्हा वाद्य डोळ्यांसमोर बंदुकीसारखं धरून मानेच्या कडेने पाहा. मान पीळ घेतलेली असेल तर ते वाद्य कितीही स्वस्त मिळो, सोडून द्या. पीळ या सळईने निघत नाही. नुसता बाक असेल तर सळईचा नट फिरतो का ते पाहा. तो आधीच शेवटपर्यंत आवळलेला किंवा झिजून गुळगुळीत झालेला असेल, तरीही नको. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजवा. हे कंटाळवाणं काम आहे आणि दुकानदार वैतागतो, पण ऐंशी-पंचाऐंशी स्वर वाजवायला पाच मिनिटं पुरतात. एखाद्याच ठिकाणी खरखर आली तर तिथला फ्रेट उचललेला आहे. एखादा स्वर खरखर न करता लगेच विझत असेल (बहुधा सर्वांत बारीक तारेवर, पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या आसपास) तर कारण वेगळं आहे. त्या वारंवारतेला मान स्वतःच कंप पावते आणि तारेची ऊर्जा शोषून घेते. हा अनुनाद महागड्या वाद्यांतही आढळतो. खुंट्यांच्या टोकाला सुताराचा लहान शिकंजा अडकवून पाहा. वस्तुमान बदलल्यामुळे तो मेलेला स्वर जागा सोडतो. वर्गात अनुनाद दाखवायला यापेक्षा सोपा प्रयोग मला सुचत नाही.

वाद्य घरी आलं की पिकअप बदलण्याची घाई करू नका. आधी मान. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धरा. आता ती म्हणजे एक सरळ पट्टीच झाली. मधल्या, सात-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी, साधारण पाव ते अर्धा मिलिमीटर फट हवी. कंप पावणारी तार मध्यभागी जास्त हलते, म्हणून तिला तेवढी जागा सोडायची. फट जास्त असेल तर सळई पाव फेरा आवळा, एक दिवस थांबा, परत मोजा. आपल्याकडे जूनमध्ये लाकूड ओल धरतं आणि उन्हाळ्यात सुकतं, त्यामुळे हे काम वर्षातून दोनदा तरी करावं लागतं. सुकलेल्या मानेच्या कडेने फ्रेटची टोकं बाहेर येऊन हाताला बोचतात. तेव्हा बारीक कानस फिरवायची. वाद्यात बिघाड नाही, लाकूड आकसलं आहे, इतकंच.

मग ब्रिजवरचे स्क्रू फिरवून तारा खाली आणायच्या. किती खाली? खरखर सुरू होते त्याच्या जरा वर. इथे गंमत अशी की तंबोऱ्यात जी जवारी काढायला कारागीर दिवस घालवतो, म्हणजे तारेने घोडीला हळूच घासत राहणं, तीच इथे दोष ठरते.

स्वर न जुळण्याचं कारणही इथेच सापडतं. फ्रेटच्या जागा गणिताने ठरलेल्या असतात. सप्तकाचे बारा समान भाग, म्हणजे प्रत्येक स्वर आधीच्याच्या १.०५९५ पट. त्यासाठी दरवेळी उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं. ८६४ मिलिमीटरच्या तारेवर पहिला फ्रेट ४८.५ मिलिमीटरवर येतो, बारावा बरोबर मध्यावर, ४३२ वर. हे यंत्राने कापलेलं असतं, स्वस्त वाद्यातही बहुधा अचूक. पण तार फ्रेटवर दाबताना ती किंचित ताणली जाते आणि स्वर चढतो. गणिताने हे धरलेलं नसतं. म्हणून ब्रिजवर प्रत्येक तारेचा टेकू मागेपुढे सरकवायची सोय असते. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून निघणारा उपस्वर आणि तिथेच दाबून वाजवलेला स्वर, दोन्ही ट्यूनरवर पाहा. दाबलेला चढत असेल तर टेकू मागे न्या, उतरत असेल तर पुढे आणा. जाड तारेचा टेकू सर्वांत मागे जातो. एवढं करूनही पहिल्या दोन-तीन फ्रेटवरच स्वर चढत असतील, तर खुंट्यांकडच्या पट्टीतल्या खाचा उथळ आहेत. त्या कानसीने खोल करता येतात, पण जपून. जास्त कापलेली खाच परत भरून येत नाही.

आता वीज. तारांखाली पिकअपमध्ये चुंबक असतात, त्यांच्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. पोलादी तार चुंबकाजवळ स्वतः चुंबकित होते, ती हलली की वेटोळ्यातलं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि फॅरेडेच्या नियमानुसार वेटोळ्यात विद्युत्‌दाब निर्माण होतो. नायलॉनच्या तारा इथे मुक्या. पण वेटोळ्याला गिटारीची तार आणि भिंतीतली वायर यांत फरक कळत नाही. आजूबाजूचं ५० हर्ट्झचं क्षेत्रही ते तितक्याच निष्ठेने पकडतं. जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा स्वर ४९ हर्ट्झचा आहे. म्हणजे ही घरघर बेसच्या स्वरांच्या मधोमध बसलेली असते. टोनची कळ फिरवून ती काढायला गेलात तर बेसच निघून जाईल.

१९५७ साली प्रिसिजन बेसच्या पिकअपचे दोन तुकडे केले गेले, प्रत्येक दोन तारांसाठी एक. दोन्हींचे वेढे परस्परांच्या उलट आणि चुंबकही उलट. बाहेरची घरघर दोघांत उलटसुलट येऊन नाहीशी होते. तारेच्या बाबतीत मात्र वेढे आणि चुंबक दोन्ही उलटल्यामुळे खूण सुलटच राहते. स्वस्त नकलेतही ही युक्ती शाबूत असते, म्हणून नवशिक्याने शक्यतो याच प्रकारचं वाद्य घ्यावं असं मला वाटतं. जॅझ बेसमध्ये दोन्ही पिकअप सारखे उघडे असतानाच घरघर जाते. त्यातला एक बदलून दुसऱ्या कंपनीचा बसवला आणि दोन्ही मिळून आवाज पातळ झाला, तर त्यांच्या खुणा एकमेकींविरुद्ध जात आहेत. खालच्या स्वरांना तार दोन्ही ठिकाणी जवळजवळ सारखीच हलते, म्हणून आधी तेच स्वर कटतात. एका पिकअपच्या दोन वायरी उलटसुलट केल्या की खर्ज परत येतो. घरघरही जायला हवी असेल तर दोन्हींचे चुंबक विरुद्ध दिशांचे हवेत. ते होकायंत्राने आधीच तपासता येतं.

कळांखालची पोकळी आतून तांब्याच्या चिकटपट्टीने मढवून ती पट्टी अर्थच्या वायरीला जोडली की विद्युत्‌क्षेत्रातून येणारी खसखस थांबते. हा खर्च किरकोळ आणि फरक मोठा. चुंबकीय घरघर मात्र तांब्याला दाद देत नाही. खरखरणाऱ्या कळा बदलायच्या तर लॉगॅरिदमिक प्रकारच्या घ्या. ध्वनीची शक्ती दहापट झाली तर कानाला तो साधारण दुप्पट वाटतो. साध्या कळेत सारा बदल एका टोकाला गोळा होतो. टोनच्या कळेवर ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असतो. तो काही रुपयांना मिळतो आणि हजार रुपयांनाही. मूल्य सारखं असेल तर हजाराचा घेऊ नका.

एक गोष्ट मात्र काटकसरीत बसवू नये. हाताने तारांना स्पर्श केला की खसखस कमी होते, हे सर्वांनी अनुभवलेलं असतं. कारण तारा ब्रिजमार्गे अ‍ॅम्प्लिफायरच्या अर्थला जोडलेल्या असतात. म्हणजेच अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला आणि अर्थिंग नसलं, तर तोच विद्युत्‌दाब थेट वाजवणाऱ्याच्या बोटांत. मे १९७२ मध्ये ब्रिटनमधल्या स्वॉन्झी इथे लेस्ली हार्वे हा गिटारवादक रंगमंचावरच विजेच्या धक्क्याने गेला. गिटार हातात असताना त्याने अर्थ न केलेल्या मायक्रोफोनला स्पर्श केला होता. घरघर जाते म्हणून प्लगची जाड पिन काढून टाकणारे महाभाग आपल्याकडेही भेटतात. गॅदरिंगच्या मांडवातलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या, आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी बसवून घ्या. हा खर्च पिकअपच्या आधीचा.

घरी सराव लहान स्पीकरवर केला तरी चालतो. चार इंची स्पीकर ४१ हर्ट्झ जवळजवळ देतच नाही. तो ८२, १२३, १६५ हे उपस्वर देतो आणि त्यांच्यातल्या सारख्या अंतरावरून मूळ स्वर मेंदू स्वतः भरून काढतो. आवाज मोठा करण्याच्या नादात स्पीकर फाटतो, तेवढं सांभाळा.

फ्रेट इतके झिजले असतील की नवे बसवण्याचा खर्च वाद्याच्या किमतीइतका येईल, तर ते सारे काढून टाकण्याचाही मार्ग आहे. १९७० च्या दशकात जॅको पास्टोरियसने अशाच, फ्रेट काढून वर एपॉक्सीचा थर दिलेल्या जॅझ बेसवर नाव कमावलं. पकडीने फ्रेट उपटण्याआधी त्यावर सोल्डरिंगची कावीळ नव्हे, गरम सोल्डरिंग आयर्न थोडा वेळ टेकवा, म्हणजे लाकडाचे टवके कमी निघतात. खाचांत फिक्या लाकडाच्या पातळ पट्ट्या चिकटवून पृष्ठभाग घासून घ्या, त्या रेषा खुणेला उपयोगी पडतात. फ्रेट असताना बोट त्याच्या किंचित मागे ठेवायची सवय असते. आता ते बरोबर रेषेवर ठेवायचं.