पाळीवरच्या माणसाचीही काळजी घेऊ या



गळीत हंगाम सुरू झाला, की आपली नजर तीन गोष्टींवर असते : आपला ऊस कधी तुटणार, गाळप किती झाले आणि उतारा काय पडला. ते साहजिकच आहे. पण ज्यांच्या जिवावर हे आकडे उभे राहतात, त्या कामगारांविषयी आज चार शब्द बोलावेत असे आम्हांस वाटते.

गव्हाणीत मोळी पडली, की हंगाम संपेपर्यंत कारखाना रात्रंदिवस चालतो. तीन पाळ्या. मिलवर, बॉयलरवर, पॅनवर, काट्यावर माणूस लागतोच. बदलीचा माणूस आला नाही, की आहे त्यालाच "एवढी पाळी ओढ बाबा" म्हणायचे. आणि तो ओढतो. एखादा दिवस ठीक आहे. महिनोन् महिने असेच चालले, तर अंगातला कस जातो. झोप लागत नाही, जेवण जात नाही, शब्दाशब्दाला चिडचिड होते, कामावर जायला मन घेत नाही.

हा कामचुकारपणा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली रोगांच्या नव्या वर्गीकरणात या अवस्थेची नोंद घेतली. कामाचा ताण दीर्घकाळ तसाच राहिला, की माणूस गळून जातो, कामावरून मन उडते आणि हातून काम धड होत नाही, असा तिचा अर्थ. हा आजार नव्हे, कामातून उद्भवणारी स्थिती आहे, असेही संघटना सांगते. तेव्हा इलाजही कामाच्या जागीच करावा लागेल.

मागे एका हंगामात पहाटे तीनच्या सुमारास पॅनवरच्या कामगाराचा डोळा लागला. पॅनमध्ये खोटा दाणा पडला, माल पुन्हा विरघळवावा लागला. वाफ गेली, वेळ गेला, आणि त्याला नोटीस मिळाली. चौकशीत कळले, त्या आठवड्यातली ही त्याची तिसरी दुहेरी पाळी! मग चूक त्याची किती आणि पाळ्या लावणाऱ्या आम्हां मंडळींची किती? हेच बॉयलरवर घडले असते तर?

1948 च्या कारखाने कायद्याने आठवड्याला 48 तासांची मर्यादा, सलग पाच तासांपूर्वी किमान अर्ध्या तासाची सुट्टी आणि जादा कामाला दुप्पट मजुरी असे दंडक घातले होते. पण दुप्पट मजुरीने जादा तासांचा हिशेब चुकता होतो, झोपेचा होत नाही.

आमचे म्हणणे एवढेच. बदली कामगारांची यादी हंगामाआधीच तयार असावी. लागोपाठ दुहेरी पाळी कुणालाही लावू नये. पाळी बदलताना सकाळ, दुपार, रात्र असा क्रम ठेवावा; उलट्या क्रमापेक्षा तो शरीराला सोसतो. रात्रपाळीला गरम जेवण मिळावे. साप्ताहिक सुट्टी कागदावर न राहता घरी पोचावी.

सभासदांनीही एक करावे. तोड लांबली, की आपण स्लिपबॉयवर अन् काट्यावरच्या कारकुनावर तोंड सोडतो. तोडीचा क्रम त्या पोरांच्या हातात नसतो. तक्रार जरूर करावी, पण शेतकी खात्याकडे आणि सभ्य शब्दांत.

औताचा बैल आपण दुपारी सोडतो, पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचे खांदे तुपाहळदीने मळतो. पाळीवरचा माणूस तर आपल्याच घरचा, कुणाचा भाऊ, कुणाचा मुलगा. त्याच्या खांद्याकडेही एकदा पाहावे, ही नम्र विनंती.