उपस्थात्याचा अनुराग : वृद्धाश्रमातील एकाकीपणा आणि तरुण स्वयंसेवक

डोलवी परिसरातील एका वृद्धाश्रमात आम्ही काही वर्षे रुग्णतपासणीस जात आहोत. तेथील एका आजोबांची अनिद्रा व अरुचीची तक्रार होती. वार्धक्यातील वातप्रकोप गृहीत धरून आम्ही अश्वगंधा चूर्ण व क्षीरबला तैलाचा अभ्यंग योजिला, पुढे मात्राही वाढविली. परंतु उपशय मिळेना. एके दिवशी तपासणी संपल्यावरही त्यांनी आमचा हात सोडला नाही. आमच्या निदानात एकाकीपणाचा विचारच झाला नव्हता, हे तेव्हा ध्यानी आले.

वस्तुतः शास्त्राने आपणांस याविषयी सावध केले आहे. चरकाच्या अग्र्यसंग्रहात रोग वाढविणाऱ्या भावांत विषाद, तर शोष उत्पन्न करणाऱ्यांत शोक अग्रणी मानला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ मधील अहवालात हाच धोका आकड्यांत मांडला. जगात दर सहा व्यक्तींमागे एक एकाकीपणाने ग्रस्त असून वर्षाला सुमारे ८,७१,००० मृत्यूंशी त्याचा संबंध जोडता येतो, असा त्यातील अंदाज आहे.

यावर उपाय काय? सूत्रस्थानातील उपकल्पनीय अध्यायात आतुरालयाची सिद्धता सांगताना औषधे व उपकरणे यांच्या बरोबरीने गायन, वादन, कथा व इतिहास जाणणारी आणि रुग्णाचे मनोगत ओळखणारी माणसेही जवळ असावीत, असे सांगितले आहे. उपस्थात्याच्या चार गुणांत अनुरागाची गणना आहे. हा गुण औषधालयातून पुरविता येत नाही. तो माणसानेच आणावा लागतो.

असे प्रयत्न अन्यत्र झाले आहेत. नेदरलँड्समधील डेव्हेंटर येथील ह्युमॅनिटास वृद्धाश्रमाने विद्यार्थ्यांना विनाभाडे खोली दिली. मोबदल्यात त्यांनी दरमहा ३० तास वृद्धांचे चांगले शेजारी व्हावे, एवढीच अट घातली. आपल्याकडे मुंबईत १९९५ मध्ये स्थापन झालेल्या डिग्निटी फाउंडेशनने स्वयंसेवकांच्या सोबतीची सेवा उभारली. १९६९ पासूनच्या राष्ट्रीय सेवा योजनेत तर विद्यार्थ्याने वर्षाला १२० तास सेवा करणे अपेक्षितच आहे.

आमच्या आजोबांकडेही एक महाविद्यालयीन तरुण दर रविवारी येऊ लागला. खारभाताची लावणी, उधाणात फुटलेले बांध, जिताडा पकडण्याच्या युक्त्या असे विषय निघत. आजोबा सांगत आणि तो वहीत टिपून घेई. दोन महिन्यांत जेवण सुधारले, झोपही लागू लागली. आम्ही मात्रा कमी केली. पुढे परीक्षा आल्या आणि तरुण न सांगता यायचा थांबला. आजोबांनी पुन्हा ताट परत पाठविण्यास सुरुवात केली. दोष त्या मुलाचा नव्हता. खंड पडणार हे आधी सांगावे, हे आम्हीच त्यास शिकविले नव्हते.

म्हणून अनुभवांती काही पथ्ये सुचवितो. एका वृद्धाकडे शक्यतो एकच तरुण, ठरल्या वारी व ठरल्या वेळी जावा. येणे जमणार नसेल तर तसे आधी कळवावे, परत कधी येणार तेही सांगावे. वाढदिवसाचा केक व छायाचित्रे यांपेक्षा अर्धा तास ऐकून घेणे हितकर. मधुमेही व्यक्तीस खाऊ, तसेच कोणासही परस्पर औषध देऊ नये. बहिरेपणा वा मोतीबिंदू असल्यास आधी त्याची चिकित्सा व्हावी, अन्यथा संवादच होत नाही. विषाद टिकून राहिला वा मरणाची भाषा सुरू झाली, तर स्वयंसेवकाने तत्काळ वैद्यास कळवावे आणि वैद्याने मानसरोगतज्ज्ञाचे साहाय्य घ्यावे. तेथे केवळ सोबत पुरेशी नाही.

औषधालयचालक बंधूंनाही यात स्थान आहे. वृद्धाश्रमात दरमहा औषधे पोहोचविणारा तरुण पिशवी ठेवून लगेच परततो. त्यास अर्धा तास बसण्याची मोकळीक दिली, तर औषधाबरोबर उपस्थाताही पोहोचेल.

आणखी एक. आचाररसायनात वृद्धांची उपासना सांगितली आहे, आणि त्या रसायनाचे फळ उपासना करणाऱ्यास मिळते. तरुणांना या कामासाठी बोलावताना आपण उपकाराची याचना करीत नसून त्यांनाही रसायन देत आहोत, ही भावना ठेवावी. पुढील तपासणीस जाताना प्रत्येक वैद्याने एक तरुण सोबत न्यावा, ही विनंती.