आधी चिप, मग लस, तिकीट सगळ्यात शेवटी

परदेशातली नोकरी पक्की होते, व्हिसा येतो, तिकिटं निघतात आणि मग घरात कुणीतरी विचारतं, "शेरूचं काय करायचं?" तोवर निघायला पाच-सहा आठवडे उरलेले असतात. माणसांची तयारी तेवढ्या वेळात होते, म्हणून कुत्र्याचीही होईल असं सगळे धरून चालतात. प्राण्यांच्या विमानप्रवासाबद्दलच्या गैरसमजांपैकी सर्वांत जास्त नुकसान हा करतो, आणि ते सोसतो कुत्रा. घरचे जातात, तो मागे राहतो, नातेवाइकांकडे नाहीतर एखाद्या निवारा केंद्रात. ते टाळता येतं, पण त्यासाठी हिशेब चार-पाच महिने आधी मांडावा लागतो.

युरोपीय संघाचं उदाहरण घेऊ, कारण जर्मनी, नेदरलँड्सला जाणारी मराठी कुटुंबं आता पुष्कळ आहेत. कुत्रा असो की मांजर, आधी पंधरा अंकी आयएसओ मायक्रोचिप बसवायची. त्यानंतर किंवा फार तर त्याच दिवशी रेबीजची लस; त्या वेळी पिल्लू किमान १२ आठवड्यांचं हवं. लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्ताचा नमुना घेऊन युरोपीय संघाने मान्यता दिलेल्या प्रयोगशाळेत पाठवायचा. यालाच सगळे टायटर टेस्ट म्हणतात. प्रतिपिंडांचं प्रमाण दर मिलिलिटरला किमान ०.५ आंतरराष्ट्रीय एकक भरायला हवं. तेवढं भरलं तरी लगेच निघता येत नाही. नमुना घेतल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबावं लागतं. म्हणजे शून्यापासून सुरुवात केली तर किमान चार महिने, आणि पिल्लू असेल तर ते साधारण सात महिन्यांचं होईपर्यंत युरोप नाही.

हे तीन महिने अनेकांना सरकारी अडवणूक वाटतात. "एजंटला थोडे जास्त दिले की होतं" असंही ऐकू येतं. होत नाही, आणि व्हायलाही नको. रेबीजचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत कित्येक आठवडे, कधी महिने जातात. रक्ततपासणी लस लागू पडली आहे एवढंच दाखवते. लस देण्याआधीच त्या जनावराला संसर्ग झाला होता का, हे तिच्यातून कळत नाही. ते कळायला मध्ये काळ जावा लागतो. रेबीज आटोक्यात असलेल्या देशांची युरोपीय संघाने यादी केली आहे. भारत तिच्यात नाही, म्हणून आपल्याकडून जाणाऱ्या प्राण्यांना ही थांबण्याची अट आहे. आपल्या गल्लीतल्या भटक्या कुत्र्यांमधला रेबीज आणि आपल्या घरातल्या लाडक्या कुत्र्याचा व्हिसा यांचा असा थेट संबंध आहे.

चिपबद्दलही गैरसमज आहेत. चिप बसवली की कुत्रा कुठे आहे ते मोबाइलवर दिसतं, हा त्यातला एक. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या चिपमध्ये ना बॅटरी असते ना जीपीएस. स्कॅनर जवळ धरला की ती फक्त आपला क्रमांक सांगते. पण प्रवासाच्या कागदपत्रांत तो क्रमांकच त्या जनावराची ओळख असतो. म्हणूनच चिपच्या आधी टोचलेली रेबीजची लस धरली जात नाही. ती लस याच कुत्र्याला दिली, याचा पुरावाच नसतो. सात वर्षं नेमाने लसी दिलेल्या कुत्र्यालाही चिप बसवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. आणि एक तारीख कॅलेंडरवर ठळक करून ठेवावी: बूस्टरची. बूस्टर मुदतीत दिलात तर टायटर टेस्ट पुन्हा करावी लागत नाही. एक दिवस जरी उशीर झाला तरी पुढची लस पहिली लस धरली जाते आणि महिने पुन्हा मोजावे लागतात.

दवाखान्यात मिळणाऱ्या लसीकरणाच्या पुस्तिकेला आपल्याकडे सर्रास 'पेट पासपोर्ट' म्हणतात. युरोपचा खरा पेट पासपोर्ट तिथलेच अधिकृत पशुवैद्य देतात. भारतातून निघताना लागतं ते सरकारी आरोग्य प्रमाणपत्र, आणि ते देते केंद्र सरकारची पशु संगरोध व प्रमाणन सेवा, म्हणजे एक्यूसीएस. तिची कार्यालयं मुंबई, दिल्ली, चेन्नई, कोलकाता, बेंगळुरू आणि हैदराबादला आहेत. पुण्या-नागपूरच्या माणसाने यातल्या एखाद्या शहरातून प्रयाण ठरवावं आणि तिथे एखादा दिवस हाताशी ठेवावा. युरोपसाठीचं प्रमाणपत्र पोहोचण्याआधीच्या दहा दिवसांत काढलेलं असावं लागतं. महिनाभर आधी घेऊन ठेवलं तर उपयोग नाही. शिवाय मालक, किंवा त्याने लेखी नेमलेली व्यक्ती, आणि प्राणी यांच्या प्रवासात पाच दिवसांपेक्षा जास्त अंतर पडलं तर तो घरगुती प्रवास राहत नाही, व्यापारी आयात ठरते आणि नियम बदलतात.

एका देशाचे नियम दुसऱ्या देशाला लावू नयेत. "अमेरिकेला फारसं काही लागत नाही," हे कधीकाळी नेलेल्यांनी सांगितलं असेल तर ते आता विसरा. १ ऑगस्ट २०२४ पासून तिथे येणारा कोणताही कुत्रा किमान सहा महिन्यांचा आणि चिप असलेला हवा. भारत तिथल्या जास्त जोखमीच्या यादीत असल्याने भारतात लस दिलेल्या कुत्र्याला अधिकृत प्रमाणपत्र, टायटर टेस्ट आणि नोंदणीकृत केंद्रात तपासणीची आगाऊ जागा लागते. टेस्ट नसेल तर तिथेच २८ दिवस विलगीकरण, मालकाच्या खर्चाने. ब्रिटनला जाणाऱ्या कुत्र्याला पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पशुवैद्याकडून पट्टकृमीचं औषध द्यावं लागतं आणि त्याची नोंद लागते. जपानमध्ये थांबण्याचा काळ १८० दिवसांचा आहे. ऑस्ट्रेलियाला भारतातून थेट नेताच येत नाही. आधी त्यांच्या मान्यताप्राप्त देशात न्यायचं, तिथल्या अटी पूर्ण करायच्या आणि मग मेलबर्नजवळच्या मिकलहॅमच्या केंद्रात विलगीकरण.

आता विमानाबद्दल. "खाली सामानात टाकतात, थंडीने मरेल," ही भीती समजण्यासारखी आहे, पण चुकीच्या जागी आहे. विमानाच्या पोटात ज्या कप्प्यात प्राणी ठेवतात तिथला हवेचा दाब प्रवाशांच्या केबिनइतकाच असतो आणि तापमानही राखलेलं असतं. आत जिवंत प्राणी आहे हे वैमानिकाला लेखी कळवलेलं असतं. ज्या विमानात तसा कप्पा नसतो त्यात प्राणी घेतच नाहीत. खरा धोका जमिनीवर असतो, धावपट्टीलगत तापलेल्या डांबरावर, विमानात चढवण्याआधी आणि उतरवल्यावर. म्हणून मुंबईहून एप्रिल-मेमध्ये नेणं टाळावं. जावंच लागलं तर रात्रीचं आणि शक्यतो थेट जाणारं विमान निवडावं. छोटा कुत्रा केबिनमध्ये मांडीजवळ नेता येतो, हे काही विमान कंपन्यांपुरतं आणि काही देशांपुरतंच खरं आहे. ब्रिटनमध्ये विमानाने जाणारा प्राणी, सहायक कुत्र्यांचा अपवाद सोडला तर, कार्गो म्हणूनच उतरतो, मग तो दोन किलोचा का असेना.

"गुंगीचं औषध देऊ, झोपून जाईल," हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो, पण तो जिवावर बेतू शकतो. अशा औषधांनी रक्तदाब उतरतो, शरीराचं तापमान सांभाळण्याची ताकद कमी होते आणि क्रेट हलला की जनावराला तोल सावरता येत नाही. शिवाय तिथे पाहायलाही कुणी नसतं. बऱ्याच विमान कंपन्या गुंगीतला प्राणी काउंटरवरूनच परत पाठवतात. भीतीवरचा खरा उपाय म्हणजे क्रेटची सवय, आणि तिला आठवडे लागतात. क्रेट घरात आणून दार उघडं ठेवा. जेवण त्यातच द्या. तुमचा न धुतलेला टी-शर्ट आत टाका. दुपारची झोप तिथे लागायला लागली की दार लावून थोडा वेळ, मग जास्त वेळ. क्रेटचं मापही डोळ्यांनी ठरवू नये. आयएटीए या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या नियमाने लांबी म्हणजे नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंतचं अंतर अधिक कोपरापासून जमिनीपर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग. रुंदी खांद्यांच्या दुप्पट. उंची उभं राहिल्यावर डोकं किंवा कानाचं टोक, जे वर असेल ते, अधिक अंथरूण. चपट्या नाकाच्या जातींना याहून १० टक्के मोठा.

या चपट्या नाकाच्या जातींबद्दल मला स्पष्टच सांगायचं आहे. हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीनंतर पग आपल्याकडे घरोघरी आला. पग, बुलडॉग, शिट्झू किंवा पर्शियन मांजर यांची श्वासाची वाट मुळातच अरुंद असते. कुत्रा घामाने नव्हे, धापा टाकून अंग थंड ठेवतो, आणि यांना धड धापाही टाकता येत नाहीत. अमेरिकेच्या वाहतूक विभागाने २०१० मध्ये दिलेल्या माहितीनुसार पाच वर्षांत विमानप्रवासात मेलेल्या शुद्ध जातीच्या कुत्र्यांपैकी सुमारे निम्मे आखूड तोंडाचे होते. अनेक कंपन्या त्यांना कार्गोत घेतच नाहीत, आणि ते योग्यच आहे. म्हातारा, जाड झालेला पग असेल, तर त्याला प्रेमाने सांभाळणारं घर इथेच शोधणं मला जास्त दयाळूपणाचं वाटतं.

देशी कुत्रा परदेशी घेत नाहीत, वंशावळीचा कागद लागतो, हे मात्र साफ खोटं आहे. गल्लीतून घरी आणलेला कुत्राही याच नियमांनी जातो. उलट बंदी काही विशिष्ट जातींवर असते: ब्रिटनमध्ये पिटबुल, तोसा, डोगो अर्जेंटिनो, फिला ब्राझिलेरो आणि एक्सएल बुली. पिंजऱ्यातला आपला हिरवा पोपट मात्र कुठल्याच देशाला नेता येत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो घरात पाळणंच गुन्हा आहे.

युरोपातून कुत्र्यासह इकडे येऊन पुन्हा तिकडे परतायचं असेल त्यांच्यासाठी दोन गोष्टी. एक, भारतात आणण्यासाठी एक्यूसीएसचं ना हरकत प्रमाणपत्र विमानात बसण्याआधी हातात हवं. दुसरी, टायटर टेस्टचा नमुना युरोप सोडण्याआधी तिथेच द्या, समाधानकारक निकालाची नोंद पेट पासपोर्टमध्ये करून घ्या आणि बूस्टर चुकू देऊ नका. मग परतताना ती तीन महिन्यांची अट लागू होत नाही.