यंत्र, पडदा आणि कान

आमच्या हातकणंगले-इचलकरंजी भागात 'डॉल्बी' हा शब्द शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. गणपतीच्या मिरवणुकीत ट्रॉलीवर रचलेली स्पीकरची भिंत म्हणजे डॉल्बी. ती सुरू झाली की खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि म्हातारी माणसे छातीवर हात ठेवून आतल्या खोलीत जातात. ज्या रे डॉल्बी यांचे हे नाव, त्यांनी १९६५ साली लंडनमध्ये आपली कंपनी काढली आणि पहिले नाव कमावले ते टेपवरची खरखर कमी करणाऱ्या यंत्रामुळे. गोंगाट घटवणाऱ्याचे नाव आम्ही गोंगाटालाच देऊन टाकले! गमतीचा भाग सोडा. पण आवाजाच्या बाबतीत आपण कानापेक्षा नावावर अधिक भिस्त ठेवतो, एवढे यातून दिसते.

ध्वनिमुद्रणाच्या धंद्यात उतरलेल्या तरुणांमध्ये असाच नावांचा एक वाद रंगलेला असतो. जुन्या धातूच्या यंत्रातला इक्वलायझर चांगला, की संगणकातला? या संगणकातल्या इक्वलायझरला 'प्लगइन' म्हणतात. ध्वनिमुद्रणाच्या मुख्य प्रोग्रॅमला जोडायचा तो एक छोटा प्रोग्रॅम.

इक्वलायझर म्हणजे काय, हे आधी पाहू. हे नाव आले टेलिफोनच्या तारांवरून. लांबच्या तारेतून जाताना आवाजातला वरच्या पट्टीचा भाग अधिक झिजत असे. ती झीज भरून काढायची आणि सारे पुन्हा समसमान करायचे, म्हणून ते इक्वलायझर. घरच्या रेडिओवरची बास आणि ट्रेबल ही बटणे त्याचीच धाकटी भावंडे. भजनाचे ध्वनिमुद्रण घ्या. पखवाजाची धूम खाली पसरते, टाळांचा किणकिणाट वर चढतो, आणि बुवांचे शब्द मध्ये घुसमटतात. सेकंदाला दोनशे-तीनशे कंपनांच्या आसपासची गर्दी थोडी हटवली, की शब्द मोकळे होतात. गर्दीतून वाट काढून देणे, हेच या यंत्राचे काम.

१९३२ साली प्रभात फिल्म कंपनीचा 'अयोध्येचा राजा' आमच्या कोल्हापुरात तयार झाला, तेव्हा पार्श्वगायन नव्हते. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे कॅमेऱ्यासमोरच गायले. आवाजाचा तोल साधायचा तो मुख्यतः मायक्रोफोनची जागा बदलून. पुढे १९५१ मध्ये अमेरिकेत 'पल्टेक' नावाचा निर्वात नळ्यांचा इक्वलायझर आला. त्याची गंमत अशी, की खालचे सूर वाढवण्याचे आणि घटवण्याचे अशी दोन वेगवेगळी बटणे त्याला होती, आणि दोन्ही एकदम फिरवली तरी ती एकमेकांना पुरता छेद देत नसत. त्यातून एक निराळाच गोलावा येई. १९७० मध्ये इंग्लंडमधील रूपर्ट नीव्ह यांचे '१०७३' आले. त्यात मधल्या सुरांसाठी सहाच ठिकाणे नेमून दिलेली, आणि वरच्या सुरांसाठी तर एकच, बारा हजार कंपनांचे. राजकमल कलामंदिरात ध्वनिमिश्रण करणारे मंगेश देसाई नावारूपाला आले, ते अशाच खऱ्याखुऱ्या बटणांच्या काळात.

१९९२ मध्ये इस्रायलच्या 'वेव्हज' कंपनीने 'क्यू १०' हा प्लगइन बाजारात आणला. अशा विक्रीला आलेल्या प्लगइनांतला तो पहिला मानला जातो. यात धातू नाही, तार नाही. आहे ती निव्वळ आकडेमोड. सीडीवर सेकंदाला ४४,१०० आकड्यांच्या रूपात आवाज साठवलेला असतो. इक्वलायझरच्या एका पट्ट्यासाठी संगणक प्रत्येक आकड्यामागे साधारण पाच गुणाकार आणि चार बेरजा करतो. म्हणजे सेकंदाला २,२०,५०० गुणाकार! आयुष्यभर खतावण्यांच्या बेरजा केलेल्या माझ्यासारख्या माणसाला या हिशेबाचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

मग खरा फरक किती? बँकेत आम्ही ताळा जुळवत असू, तशीच एक चाचणी येथेही आहे. एकच गाणे दोन इक्वलायझरांतून सारख्याच मापाने काढायचे, एकाचा आवाज उलटा करायचा आणि दुसऱ्यात मिसळायचा. दोन्ही सारखे असतील तर एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरते ती शांतता. दोन साध्या, स्वच्छ प्लगइनांची अशी चाचणी घेतली, तर एक महागाचा आणि दुसरा फुकटचा असला तरी बहुधा शून्यच हाती येते. जुन्या यंत्राबरोबर मात्र पुरते शून्य येत नाही. त्याचे ट्रान्सफॉर्मर आणि नळ्या मूळ सुरात स्वतःचे दोन सूर मिसळतात, आणि आवाज जितका मोठा तितके अधिक. त्याचे सुटे भागही मापात किंचित कमीजास्त असतात. आजचे प्लगइन या खोडींचीही नक्कल करतात, इतकी की पडद्यावर जुन्या यंत्राचे चित्र आणि त्याच्या रंगाचे टवकेसुद्धा काढलेले असतात.

आमच्या गल्लीतल्या एका तरुणाने माडीवरच्या खोलीत स्टुडिओ थाटला आहे. भिंतींना गोधड्या टांगल्या आहेत. तो एकदा आला तो कर्जाची चौकशी करत.

"काका, असलं एक जुनं मशीन घ्यायचं म्हणतोय. प्लगइनमध्ये ती ऊब येत न्हाई, असं सगळीच म्हणत्यात."

"तू स्वतः ऐकलंयस?" मी विचारले.

"न्हाई. पन सगळी म्हणत्यात की."

मी त्याच्या माडीवर गेलो. तो पडद्यावरच्या आलेखाकडे पाहत सूर वर-खाली करत होता. मी म्हटले, "पडदा बंद कर, आणि नुसतं ऐकत बटण फिरव." त्याला पाच मिनिटे अवघड गेले. मग तो स्वतःच म्हणाला, "काका, खोलीच्या त्या कोपऱ्यात आवाज घुमतोय हो." दोष प्लगइनचा नव्हता, खोलीचा होता. जुने यंत्र आणले असते तरी तो तसाच राहिला असता. त्याने पैसे चांगल्या स्पीकरवर आणि भिंतींवर घालावेत, असे मी सुचवले. कर्जाची रक्कम निम्म्याहून खाली आली.

तरीही माझ्यातला बँक अधिकारी जुन्या यंत्राची एक बाजू मांडल्याशिवाय राहणार नाही. यंत्र नजरगहाण ठेवता येते, विकता येते, आणि बिघडले तर डाग देणाऱ्या कारागिराकडे नेता येते. प्लगइन हा केवळ परवाना. २०१९ मध्ये अ‍ॅपलच्या संगणकांनी जुन्या ३२ बिटांच्या प्रोग्रॅमना रजा दिली, तेव्हा पैसे मोजून घेतलेले कितीतरी प्लगइन नव्या प्रणालीत मुके झाले. मार्च २०२३ मध्ये तर वेव्हजने कायमची विक्री थांबवून भाड्यानेच देण्याचे जाहीर केले होते. गिऱ्हाइकांनी इतका गदारोळ केला, की काही दिवसांतच कंपनीला माघार घ्यावी लागली. धंद्याचे मुख्य हत्यार दुसऱ्याच्या मर्जीवर असणे ही जोखीम आहे, आणि ती हिशेबात धरलीच पाहिजे.

पण जुन्या यंत्राची मोठी देणगी ऊब नव्हे, मर्यादा होती. सहाच ठिकाणे असली, की माणूस त्यातले एक निवडून पुढे जातो. यंत्रे मोजकीच असत, म्हणून त्यातून काढलेला आवाज पुष्कळदा टेपवरच कायम करून टाकावा लागे. आमच्या शाईच्या खतावणीतही खाडाखोड चालत नसे. चुकले तर आडवी रेघ मारून शेजारी सही करावी लागे. त्यामुळे लिहिण्याआधी माणूस विचार करी. संगणक आला, कामाचा वेग वाढला, आणि मी तरी त्या जुन्या खतावण्यांसाठी अश्रू ढाळणार नाही. हातकणंगल्याच्या माडीवरच्या पोराला आज मुंबईच्या स्टुडिओतले हत्यार मिळते, ही लहान गोष्ट नाही. एके काळी ते त्याच्या स्वप्नातही आले नसते.

मात्र, जी शिस्त यंत्र फुकट देत होते, ती आता आपली आपणच आणायला हवी. कादंबरी संगणकावर लिहितानाही मला हेच जाणवते. वाक्य शंभरदा बदलता येते; म्हणून ते शंभरदा बदलावे, असे नाही. इचलकरंजीतला जुना विणकर मागाचा खडखडाट ऐकून कुठे बिघडले ते सांगतो. त्याच्यापुढे कसलाही आलेख नसतो. तसा कान ज्याने कमावला, त्याच्या हाती फुकटचा प्लगइनही गातो. आणि ज्याने तो कमावला नाही, त्याच्या हाती कोणतेही मोलाचे यंत्र द्या, शेवटी त्याची डॉल्बीच होते.