सेकंडहँड लॅपटॉप घेताय? फॉरमॅट करूनही न जाणारं हे लॉक आधी तपासा

जुन्या लॅपटॉपमधल्या नुसत्या फाइल्स डिलीट करून भागत नाही. क्रॅक सॉफ्टवेअर, व्हायरस तसेच राहू शकतात. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज 11 घ्या, इन्स्टॉल करताना जुनी पार्टिशन्स उडवा. आधीचं विंडोज अस्सल असेल, तर तीच एडिशन टाकल्यावर ते नेटवर आपोआप ॲक्टिव्हेट होतं. वेगळी की विकत घ्यायची गरज नाही.

खरी गोची ऑफिसमधून आलेल्या लॅपटॉपची. कंपनीने मायक्रोसॉफ्टच्या 'ऑटोपायलट'मधून नोंद काढली नसेल, तर फॉरमॅटनंतर नेट जोडताच त्या कंपनीचं लॉगिन समोर येतं. ही नोंद डिस्कवर नाही, मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर असते. म्हणून पैसे देण्याआधी विक्रेत्याला तुमच्यासमोर रिसेट करायला लावा आणि सेटअप सुरू असतानाच स्वतःचा हॉटस्पॉट जोडा. 'नेट नंतर जोडा' म्हणाला, तर सरळ दुसरं दुकान गाठा.